लेझरने ०.०३ आलं तरी एकोणीस दिवसात स्पायडर गेला: एका गरम पाण्याच्या पंपाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात पहिली चूक माझीच होती आणि ती चूक करणारे अजून खूप जण आहेत हे मला माहितीये.

मशीन अगदी साधं. एंड सक्शन पंप, पायावर बसणारा, गरम पाणी फिरवतो, पाण्याचं टेंपरेचर ८५ डिग्रीच्या आसपास. मोटर ४५ किलोवॅट, चार पोल, १४७५ आरपीएम, २२५ फ्रेम. मधे जॉ कपलिंग, रबरी स्पायडरवालं, म्हणजे दोन्ही शाफ्टवर दातवाले हब आणि त्या दातांच्या मधे रबराची चांदणी, तीच स्पायडर. एकच बेसफ्रेम, खाली काँक्रीट. असं मशीन कुठल्याही प्लांटमधे दहा-पंधरा तरी सापडेल.

तक्रार अशी की सात महिन्यात चार स्पायडर, दोनदा मेकॅनिकल सील, आणि एकदा मोटरचं पुढचं बेअरिंग, ६३१३ नंबरचं. दर वेळी गार्ड काढलं की खाली काळी भुकटी, म्हणजे रबर घासून घासून पीठ झालेलं. आणि दर वेळी अलाइनमेंटची (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणायच्या कामाची) शीट भरलेली, सही केलेली, आकडे ओके. मी विचारलं तर फिटर काका म्हणाले, "साहेब, चारही वेळा मी स्वतः केलंय, डायल लावून केलंय, स्ट्रेट एजवर नाही." त्यांच्यावर अविश्वास ठेवायचं काही कारणच नव्हतं, हात चांगला आहे त्यांचा.

मग मी काय केलं तर अलाइनमेंटचं लेझर मागवलं. डायलमधे (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं गेज) काहीतरी चुकत असणार, त्याला धरणाऱ्या बारचा सॅग, म्हणजे वजनाने येणारा झोळ, धरला नसेल, असं मनात धरून मोकळा झालो. नवीन स्पायडर टाकला, थंड मशीनवर लेझर लावलं, दोन तासात ऑफसेट (दोन शाफ्टच्या मध्यरेषांमधलं अंतर) ०.०३ मिमी आणि गॅप (हबच्या तोंडांमधल्या फटीतला फरक) १०० मिमीला ०.०२ वर आणून ठेवला. १५०० आरपीएमच्या आसपास शॉर्ट कपलिंगला ऑफसेट ०.०६ आला तरी उत्तम म्हणतात आणि ०.०९ पर्यंत चालतं, म्हणजे माझा आकडा त्याच्याही निम्म्यात. रिपोर्ट काढला, फाईलला लावला, विषय संपला असं धरलं.

एकोणीसाव्या दिवशी परत काळी भुकटी.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की लेझर काय सांगतं आणि काय सांगत नाही. दोन शाफ्ट आत्ता या क्षणाला एकमेकांच्या कुठे आहेत एवढंच ते सांगतं. त्यांना तिथे कोण ओढून धरतंय, आणि मशीन तापल्यावर ते कुठे जाणार, हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाच वेळा काम झालं पण पाचही वेळा मशीन उघडायच्या आधी, बोल्ट सैल करायच्या आधी, आहे त्या स्थितीतलं रीडिंग कुणीच घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. स्पायडर गेला की घाई असते, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे असतात, पाना हातात येतो आणि सरळ बोल्ट ढिले होतात. पण ते रीडिंग म्हणजे पुरावा असतो हो, ते घेतलं नाही की बिघाडाचं कारण आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो.

या वेळी मशीन बंद केलं, मोटरचा सप्लाय लॉक करून टॅग लावला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्रेशर उतरवलं, आणि मशीन गरम असतानाच गार्ड काढून रीडिंग घेतलं. जो थंडीत ०.०३ सोडून गेलो होतो तो ऑफसेट उभ्यात ०.२१ आणि आडव्यात ०.२६. बोल्ट एकही सैल झालेला नव्हता, पेंटने मारलेल्या खुणा जशाच्या तशा. म्हणजे मोटर आपल्या जागेवरून हललेली नाही, पण शाफ्ट हललेत. मशीन थंड झाल्यावर परत घेतलं तर बरंचसं मागे आलं होतं पण सगळं नाही.

व्हायब्रेशन आम्ही बंद करायच्या आधीच घेतलं होतं. मोटरच्या कपलिंगकडच्या बाजूला आडवं ६.८ मिमी प्रति सेकंद, आणि ॲक्सियल, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, ५.२. जुन्या आयएसओ १०८१६-१ मधे (व्हायब्रेशनचं स्टँडर्ड, २०१६ मधे त्याच्या जागी २०८१६-१ आलं) १५ ते ७५ किलोवॅटच्या मोटरला २.८ च्या वर गेलं की जास्त काळ चालवू नका आणि ७.१ च्या वर म्हणजे नुकसान होणार असं धरलेलं होतं, म्हणजे आम्ही अगदी उंबऱ्यावर होतो. स्पेक्ट्रममधे (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्हायब्रेशन हे दाखवणारा आलेख) ४९ हर्ट्झला मोठी रेघ, म्हणजे स्पीडच्या दुप्पट, जी मिसअलाइनमेंटमधे बहुतेक दिसते. पण त्याच्या शेजारी बरोबर १०० हर्ट्झलाही एक रेघ उभी होती. ही लाइन फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, म्हणजे इलेक्ट्रिकल बाजूची, आणि मोटरची बॉडी पिळली गेली असेल, आतला एअर गॅप एकसारखा राहिला नसेल, तर ती वर येऊ शकते. आधीच्या रिपोर्टमधे कुणीतरी दोन्ही मिळून 'मिसअलाइनमेंट' एवढंच लिहून सोडलं होतं. ४९ च्या दुप्पट म्हटलं तर ९८ येतं, बरोबर १०० कुठून येणार, एवढा प्रश्न जरी पडला असता तरी दोन महिने वाचले असते.

त्या १०० ने सांगितलं तसं पायांकडे वळलो.

सॉफ्ट फूट, म्हणजे मोटरचा एखादा पाय बेसवर नीट न टेकणं, ते बघायची पद्धत सगळ्यांना माहिती असते आणि तरी होत नाही. चारही बोल्ट टाईट, डायल एका पायावर, तो एकच बोल्ट सैल करायचा, पाय किती उठतो बघायचं, परत टाईट, मग पुढचा पाय. ०.०५ च्या आत पाहिजे. आमच्याकडे तीन पाय ०.०६, ०.०४, ०.०५ असे आले, आणि मागचा उजवा पाय बोल्ट सैल केल्याबरोबर ०.३२ उठला. म्हणजे दर वेळी तो बोल्ट आवळताना आपण मोटरच्या बॉडीला तेवढं वाकवत होतो, आणि त्या वाकलेल्या बॉडीतच बेअरिंग बसलेलं.

त्या पायाखालून सात शिम (उंची जुळवायला घालतात त्या पातळ पट्ट्या) निघाल्या. काही ब्रासच्या, दोन पत्र्याच्या कात्रीने कापलेल्या, कडांना बर (कापल्यावर राहिलेली खरबरीत धार), मधे गंज, आणि सगळ्यात खाली बेसफ्रेमवर पेंटचा जाड थर. सात शिम म्हणजे शिम नसतेच ती, स्प्रिंग असते. एका पायाखाली तीन, फार तर चार, त्याच्या वर गेलं की जाड प्लेट करून घ्यायची हा नियम मी तरी मोडत नाही. सगळं काढून, घासून, पेंट उडवून, बर काढून परत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर बाहेरच्या कोपऱ्यात ०.१८ शिरतो आणि आतल्या कोपऱ्यात ०.०४ पण नाही. म्हणजे पाय तिरका बसतोय. अशा तिरक्या पायाखाली सपाट शिम कितीही घाला, एका कडेवरच टेकणार. काकांनी तिथे पायरीसारखी शिम बसवली, एकेक पातळ शिम थोडी थोडी आत सरकवून, चार कोपऱ्यात चार वेळा फिलर बघत. दीड तास गेला एका पायाला. पण त्यानंतर चारही पाय ०.०४ च्या आत आले आणि मला तो दीड तास या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पण सॉफ्ट फूटने तापल्यावर ०.२६ आडवं सरकत नाही. ते दुसरीकडून येत होतं.

लॉगबुक मागे मागे चाळत गेलो. पहिला स्पायडर जायच्या तीन आठवडे आधी एक नोंद होती, डिलिव्हरी लाइनचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह) बदलला. नवीन एनआरव्ही जुन्यापेक्षा लांब आणि जड. मग वर जाऊन पाईप बघितला. पंपाजवळचा सपोर्ट पाईपला टेकतच नव्हता, मधे बोट जाईल एवढी फट, म्हणजे एनआरव्ही आणि पाईपचं सगळं वजन पंपाच्या तोंडावर. आणि पलीकडे लांबचा जो सपोर्ट होता, ज्याच्यावर पाईप सरकायला पाहिजे, तो कुणीतरी पाईप थरथरतोय म्हणून वेल्ड मारून पक्का केलेला. त्या दोघांमधला सरळ पाईप साधारण सहा मीटर. स्टीलला मीटरमागे दर डिग्रीला ०.०१२ मिमी धरा, टेंपरेचर ३० वरून ८५, म्हणजे ५५ डिग्री. सहा गुणिले पंचावन्न गुणिले ०.०१२, जवळजवळ चार मिलिमीटर. हे चार मिमी आधी पलीकडे सरकून बेंडकडे जात होते, आता पलीकडे जागाच नाही म्हणून सगळे पंपाच्या अंगावर.

खात्री करायला पंपाच्या हबवर दोन डायल लावले, एक उभा एक आडवा, डायलचे बेस मोटरच्या बाजूला, आणि डिलिव्हरी फ्लँजचे बोल्ट हळूहळू सैल केले. थंड मशीनवरच हब ०.२८ वर आला आणि ०.१६ बाजूला गेला. ०.०५ च्या वर हलला की पाईप ओढतोय असं धरायचं. फ्लँज सुटला तेव्हा भोकं चार-पाच मिमी एकमेकांपासून हटलेली, म्हणजे जोडताना पहार घालून ओढून बोल्ट घातले होते. मी थंडीत लेझरने जे ०.०३ आणलं ते या ओढलेल्या पंपाशी जुळवून आणलं होतं. पंप तापला, पाईपने ढकललं, संपलं.

इथे एक चर्चा झाली ती सांगतो. एकाने सुचवलं की रबरी बेलो (पाईपमधला लवचिक जोड) टाका ना मधे, पाईपचा प्रश्न मिटेल. मी नाही म्हटलं. टाय रॉड (बेलो ताणू न देणारे दांडे) नसलेला बेलो टाकला आणि पाईपला पक्कं अँकर नसेल तर प्रेशर त्या बेलोला ताणतं आणि तो जोर उलटा पंपाच्या तोंडावरच येतो, म्हणजे एक ओढ काढून दुसरी घालायची. शिवाय मूळ पाईपिंगमधे बेंडची सोय होतीच, आपणच ती वेल्ड मारून बंद केली. म्हणून लांबच्या सपोर्टचं वेल्ड कापून तो परत सरकता केला, पंपाजवळचा सपोर्ट नव्या उंचीला नवीन बनवून तिथे पाईप पक्का धरला, आणि फ्लँजचा तुकडा कापून जागेवर टॅक करून, फ्लँज समांतर बघून परत वेल्ड केला. बोल्ट हाताने सरळ खाली पडले पाहिजेत, एवढीच माझी अट होती. नंतर बोल्ट आवळताना डायल परत लावले, हब ०.०२ हलला.

आता कुठे अलाइनमेंट. कपलिंगचे हब आम्ही त्याच्या आधीच बदलले होते, कारण एका हबच्या दातांना खड्डे पडलेले, आणि जुना हब कधीतरी हातोड्याने ठोकून बसवल्याच्या खुणा तोंडावर स्पष्ट. हब ठोकून घालू नका, खरंच कळकळीने सांगतो. तो दणका शाफ्टमधून बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो, ट्रॅकवर बारीक खड्डे पडतात, आणि नवीन बेअरिंग सुरू व्हायच्या आधीच म्हातारं होतं. इंडक्शन हीटरवर शंभर-एकशे दहा डिग्री केलं की हब हाताने सरकून बसतो, शाफ्ट आणि हबमधली की (चावी) आधी बसवून बघायची, आणि दोन हबमधला गॅप कॅटलॉगप्रमाणे ठेवायचा, नाहीतर स्पायडर दोन्हीकडून दाबला जातो आणि ॲक्सियल लोड येतो.

लेझर होतंच, पण सगळ्या टीमला दिसावं म्हणून डायलने केलं. ब्रॅकेट मोटरच्या हबवर, डायल पंपाच्या हबच्या गोलाईवर, आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवायचे, म्हणजे हबचा स्वतःचा रनआउट (फिरताना येणारा वाकडेपणा) मधे येत नाही. आधी ब्रॅकेट एका सरळ पाईपवर बांधून सॅग मोजला, वर झिरो केलं की खाली उणे ०.०६. मग मशीनवर, वर झिरो, खाली उणे ०.४२, डावीकडे उणे ०.१४, उजवीकडे उणे ०.२८. डावं-उजवं मिळून उणे ०.४२, वर-खाली मिळून पण उणे ०.४२, म्हणजे रीडिंग खरं आहे, ब्रॅकेट कुठे अडकत नाही. हे जुळलं नाही तर पुढचं गणित करूच नये. सॅगचे ०.०६ वजा केले, उरले ०.३६, त्याचं अर्धं ०.१८. अर्धं का, कारण डायल पूर्ण फेऱ्यात ऑफसेटच्या दुप्पट दाखवतो. मोटर ०.१८ खाली.

हबच्या तोंडावरचा डायल २०० मिमी व्यासावर, वरच्या बाजूला गॅप ०.१२ जास्त. वर उघडं म्हणजे मोटरची शेपटी खाली. उतार ०.१२ भागिले २००, म्हणजे ०.०००६. डायल टेकतो तिथून पुढचे पाय २९० मिमीवर, मागचे ६०० वर. तर पुढे ०.१८ अधिक २९० गुणिले ०.०००६, म्हणजे ०.३५. मागे ०.१८ अधिक ०.३६, म्हणजे ०.५४.

पण इथे थांबलो असतो तर परत थंडीतलंच अलाइनमेंट झालं असतं. गरम असताना आम्ही टेंपरेचर घेऊन ठेवलं होतं. पंपाचा पाय वर ७८ आणि खाली ४२, सरासरी ६०, म्हणजे ३० डिग्री वाढ. सेंटर हाइट (पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची) २५० मिमी, कास्ट आयर्नला डिग्रीमागे मीटरला ०.०११ मिमी, तर पंप ०.०८ वर जाणार. मोटर २२५ उंच, वाढ १८ डिग्री, तर ०.०४५. फरक ०.०४ च्या आसपास, म्हणून थंडीत मोटर मुद्दाम ०.०४ वर ठेवायची. कुणी म्हणेल एवढ्याशाने काय होतं, पण आपली हद्दच ०.०६ असेल तर त्यातला दोन तृतीयांश असाच जातो. शेवटी पुढे ०.४० आणि मागे ०.६० घातलं, पुढे ०.२० च्या दोन आणि मागे ०.५० वर ०.१०, सगळ्या स्टेनलेसच्या रेडिमेड शिम. आडवं जॅक बोल्टने (मोटरला बाजूने ढकलणारे बोल्ट) सरकवलं, हातोडा नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, तिरकस क्रमाने, आणि जॅक बोल्ट शेवटी सैल करून सोडले, नाहीतर मोटर तापून फुगताना तिथेच अडते.

कामाच्या दरम्यान एक वाद वारंवार निघाला तो म्हणजे कपलिंगच्या कॅटलॉगमधे मिसअलाइनमेंट ०.४ पर्यंत चालतं असं लिहिलंय मग तुम्ही ०.०६ साठी एवढा वेळ का घालवता. हा गैरसमज मी खूप ठिकाणी बघितलाय. तो आकडा रबर किती वाकून टिकेल याचा आहे. रबर वाकताना जो जोर लागतो तो बेअरिंग आणि सील सहन करतात, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. बॉल बेअरिंगचं आयुष्य लोडच्या तिसऱ्या घाताने कमी होतं, लोड नुसता सव्वापट झाला तरी आयुष्य जवळपास निम्मं. आमचं ६३१३ उगाच नाही गेलं.

सुरू करून चार तास गरम होऊ दिलं, बंद केलं, लगेच गरम रीडिंग घेतलं. उभ्यात ०.०२, आडव्यात ०.०४. व्हायब्रेशन आडवं १.६, ॲक्सियल १.१. १०० हर्ट्झची रेघ शोधावी लागली एवढी खाली गेली होती. काका काही बोलले नाहीत, फक्त मोटरच्या बेअरिंगवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

त्याच आठवड्यात शेजारच्या बेल्टवरच्या ब्लोअरला पण आम्ही हाच क्रम लावला, कारण त्याचे व्ही बेल्ट पण एकाच कडेला घासत होते आणि सगळे दोरी धरून पुलीच बघत होते. तिथे पण मोटरचा एक पाय ०.२५ उठला. पाय नीट केल्यावर पुली आपोआप बऱ्याच सरळ आल्या, बाकी थोडं सरकवून सगळे बेल्ट एकदम नवीन सेटने बदलले, जुन्यात एखादा नवा असं मिसळलं नाही, आणि टेन्शन मधोमध दाबून १०० मिमी स्पॅनला १.६ मिमी या हिशोबाने, दाबायचा जोर बेल्टच्या तक्त्यातला, एक दिवस चालल्यावर परत ताणून.

पंपाचा स्पायडर आम्ही अकरा महिन्यांनी शटडाउनमधे मुद्दाम काढून बघितला. दातांच्या कडा शाबूत, खाली भुकटी नाही. तोच परत घातला. शीटचा फॉर्म पण बदललाय, आता सगळ्यात वरची ओळ 'उघडायच्या आधीचं रीडिंग, गरम आणि थंड', त्याखाली चार पायांचे चार आकडे, मग फ्लँज सोडल्यावर हब किती हलला, आणि कपलिंगचे आकडे त्यानंतर. वरच्या ओळी रिकाम्या असतील तर खालचं मी वाचत नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. बेसफ्रेम मागच्या डाव्या कोपऱ्यात हातोडीने हलकं वाजवलं तर पोकळ आवाज येतो, म्हणजे खाली ग्राउट (फ्रेम आणि काँक्रीटमधलं भरण) सुटलंय. सध्या त्या पायाचं रीडिंग दर महिन्याला घेतोय, ०.०४ वरून ०.०५ झालंय, पुढच्या शटडाउनला तिथे भोक पाडून इपॉक्सी ग्राउट भरायचंय.